पाणी आलं की बदकं परततात. मग तलवार बदक का परतलं नाही?

दर वर्षी मे महिन्यात अमेरिका आणि कॅनडाच्या मोठ्या भूभागावर काही छोटी विमानं अगदी खालून उडतात. जमिनीपासून जेमतेम 30 ते 45 मीटर उंची आणि ठरलेली सरळ रेषा. विमान चालवणारा स्वतः जीवशास्त्रज्ञ असतो आणि त्याच्या शेजारी एक निरीक्षक. दोघं आपापल्या बाजूची 200 मीटर रुंद पट्टी डोळ्यांखालून घालतात आणि तिच्यात दिसणारं प्रत्येक बदक मोजतात. काही पट्ट्यांवर नंतर माणसं जमिनीवरून जातात आणि वरून किती बदकं नजरेतून सुटली ते तपासतात.

1955 पासून हे काम चालू आहे. 2020 आणि 2021 ही कोरोनाची दोन वर्षं सोडली तर त्यात खंड पडलेला नाही. जंगली प्राण्यांची इतकी जुनी आणि इतक्या मोठ्या क्षेत्रावरची मोजणी जगात फार कमी आहे.

प्रेअरी म्हणजे गवताळ मैदानाच्या भागात हे लोक बदकांबरोबर पाण्याची डबकीही मोजतात. त्यामागचा हिशोब साधा आहे. वसंतात डबकी जास्त भरलेली दिसली की त्या वर्षी बदकं जास्त, आणि डबकी कोरडी तर बदकं कमी. बऱ्याच जातींसाठी हा हिशोब आजही बऱ्यापैकी जुळतो. एका जातीने मात्र 1980 च्या दशकापासून तो जुमानलेला नाही. ती जात महाराष्ट्रातल्या पक्षीप्रेमींच्याही ओळखीची आहे: तलवार बदक, इंग्रजीत नॉर्दर्न पिनटेल.

बर्फाने पाडलेले खड्डे

या प्रदेशाचं नाव प्रेअरी पॉटहोल रीजन. पॉटहोल म्हटलं की मुंबई-पुणेकरांना पावसाळ्यातले रस्ते आठवणार, आणि तुलना तशी चुकीची नाही. कॅनडातले अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा आणि अमेरिकेतले माँटाना, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, मिनेसोटा, आयोवा अशा आठ प्रांत-राज्यांत हा पट्टा पसरला आहे. क्षेत्रफळ 7 ते 8 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त.

शेवटच्या हिमयुगात या जमिनीवर बर्फाचा प्रचंड थर होता. साधारण 12 हजार वर्षांपूर्वी तो मागे हटला. जाताना त्याने माती-दगडांचे ढीग मागे टाकले आणि मातीत गाडले गेलेले बर्फाचे तुकडे वितळले तिथे खळगे राहिले. असे लाखो खळगे या पट्ट्यात आहेत. दाट भागांत एका चौरस किलोमीटरमध्ये 40 पर्यंत. बहुतेक एक-दोन एकरांचे किंवा त्याहून लहान. त्यांना जोडणारी नदी नाही, ओढा नाही. प्रत्येक खळगा आपापल्या जागी बंद.

या खळग्यांचं पाणी मुख्यतः बर्फाचं असतं. हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते. मार्च-एप्रिलमध्ये वरचा बर्फ वितळतो तेव्हा खालची जमीन अजून गोठलेलीच असते, त्यामुळे पाणी मुरत नाही, उताराने जाऊन खळग्यात साठतं. म्हणून इथे हिवाळ्यात किती बर्फ पडला याइतकंच महत्त्व त्याआधीच्या शरद ऋतूत जमीन किती ओली होती यालाही असतं. जमीन कोरडी असेल तर भरपूर बर्फ पडूनही बरंचसं पाणी मुरून जातं.

हा प्रदेश मुळात कोरडाच. डकोटांच्या बऱ्याच भागात वर्षाला 400-500 मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्याशी तुलना होईल इतका किंवा त्याहून कमी. वर्षभरात जेवढं पाणी पडतं त्यापेक्षा जास्त वाफ होऊन उडून जाण्याची क्षमता इथल्या वाऱ्या-उन्हात आहे. त्यामुळे खळगे भरतात आणि आटतात. काही दोन-तीन आठवड्यांत, काही जुलैपर्यंत, काही फक्त मोठ्या दुष्काळात.

आणि तरीही उत्तर अमेरिकेतल्या बदकांच्या प्रजननक्षेत्राचा जेमतेम दहावा हिस्सा असलेला हा पट्टा खंडातली निम्म्याच्या आसपास बदकं जन्माला घालतो, असं जीवशास्त्रज्ञ अनेक दशकं मांडत आले आहेत. त्याला 'बदकांचा कारखाना' म्हणतात ते यामुळे.

मोठं तळं असताना डबकं कशाला?

सामान्य समज असा की बदकाला पाणी हवं, म्हणजे जितकं मोठं तळं तितकी जास्त बदकं. हिवाळ्यात स्थलांतर करून आलेल्या थव्यांसाठी ते खरं आहे. विणीच्या हंगामात मात्र गणित उलटतं.

एप्रिलमध्ये मादी दक्षिणेकडून येते तेव्हा तिला अंडी घालायची घाई असते. मॅलार्ड, म्हणजे हिरव्या डोक्याचा नर असलेलं ते ओळखीचं बदक, एका वेळी आठ-दहा अंडी घालतं. या सगळ्या अंड्यांचं वजन मादीच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं भरतं. दिवसाला एक अंडं या वेगाने ती हे करते. धान्य खाऊन हे जमत नाही, त्यासाठी प्रथिनं लागतात. म्हणून एरवी दाणे आणि गवताचं बी खाणारी मादी या काही आठवड्यांत पाण्यातल्या अळ्या, गोगलगायी आणि बारीक कवचधारी जीव खात सुटते.

हे जीव सर्वात आधी कुठे तयार होतात? उथळ डबक्यात. घोटाभर पाणी उन्हाने लवकर तापतं. शेजारचं खोल तळं अजून बर्फाखाली असताना या डबक्यांत जीवसृष्टी वळवळू लागलेली असते. जूनपर्यंत ही डबकी आटून जातात, पण मादीचं काम तोवर झालेलं असतं.

दुसरं कारण स्वभावाचं. विणीच्या काळात नर आपल्या मादीभोवती दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. एका मोठ्या उघड्या तळ्यात एक आक्रमक नर बरीच जागा अडवतो. तेवढंच पाणी दहा वेगवेगळ्या डबक्यांत विभागलेलं असेल तर एकमेकांच्या नजरेआड कितीतरी जास्त जोड्या बसतात.

पिल्लं बाहेर आली की गरज बदलते. आता जुलै-ऑगस्टपर्यंत टिकणारं पाणी हवं आणि लपायला पाणकणसांची किंवा लव्हाळ्याची दाटी हवी. पिल्लांना उडता यायला साधारण 50 ते 60 दिवस लागतात. तोवर डबकं आटलं तर आई त्यांना चालवत दुसऱ्या पाण्याकडे नेते, आणि त्या वाटेवर मिंक, कोल्हा, शिकारी पक्षी असतात. म्हणजे एका मादीला एका हंगामात एकच पाणथळ पुरत नाही. तिला लहान, मध्यम आणि टिकाऊ असा सगळा संच चालत जाण्याच्या अंतरात लागतो.

डबकं आटणंही हवं असतं

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटेल. दुष्काळ बदकांचा शत्रू आहे हे अर्धंच खरं आहे.

खळगा पूर्ण कोरडा पडला की तळाचा गाळ हवेला उघडा पडतो. साठलेलं सडकं झाडपान कुजून त्यातली पोषकद्रव्यं मोकळी होतात. चिखलात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी रुजतं, कारण अनेक पाणवनस्पतींचं बी खोल पाण्याखाली उगवतच नाही. नंतर पाणी परत येतं तेव्हा ही सगळी हिरवळ पाण्याखाली जाते आणि अळ्या-किड्यांचं अक्षरशः पेव फुटतं. दुष्काळानंतरची पहिली ओली दोन-तीन वर्षं बदकांसाठी सगळ्यात बरकतीची असतात ती यामुळे.

उलट, पाणी वर्षानुवर्षं हटलंच नाही तर वनस्पती मरतात, खळग्याचं उघडं तळं होतं आणि त्यात मासे टिकू लागतात. फॅटहेड मिनो नावाचा बोटभर मासा अशा पाण्यात प्रचंड वाढतो आणि बदकाच्या ताटातले जीव तोच फस्त करतो. नॉर्थ डकोटातल्या कॉटनवुड लेक या अभ्यासक्षेत्रात 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून काही ठराविक खळग्यांवर सतत नजर ठेवली जाते, आणि ओल्या-कोरड्या फेऱ्यांचं हे चक्र तिथल्या नोंदींत नीट दिसतं.

1993 पासून डकोटांमध्ये ओली वर्षं लांबत गेली. डेव्हिल्स लेक हे बाहेर पडायला सहज वाट नसलेलं सरोवर 2011 पर्यंत नऊ मीटरहून जास्त चढलं आणि त्याने रस्ते, शेतं, घरं गिळली. बदकांना आधी याचा फायदा झाला. पण ओलेपणा लांबतो तेव्हा लहान डबकी मोठ्यांत विलीन होतात, मासे पसरतात आणि मघाशी सांगितलेला संच मोडतो.

कोरड्या वर्षी नेमकं काय होतं

दुष्काळाच्या वर्षी बदकं तडफडून मरतात असं फारसं होत नाही. ती पुढे निघून जातात. वसंतात प्रेअरीवरून उडताना खाली पाणी दिसलं नाही तर काही जाती आणखी उत्तरेला, कॅनडाच्या जंगलपट्ट्यात किंवा अलास्कात जातात. तलवार बदकं तर पूर्व रशियापर्यंतही पोचतात. तिथे ती जगतात, पण पिल्लं कमी होतात. जी प्रेअरीवर थांबतात त्यांतल्या अनेक माद्या अंडी घालतच नाहीत. चांगल्या वर्षी घरटं मोडलं तर मॅलार्डची मादी पुन्हा घालते, ते गेलं तर आणखी एकदा घालते. कोरड्या वर्षी हा दुसरा-तिसरा प्रयत्न बंद होतो. नुकसान होतं ते इथे.

2021 हे याचं ताजं उदाहरण. प्रेअरीवर तीव्र दुष्काळ पडला, आणि नेमकी त्याच वर्षी मोठी हवाई मोजणी कोरोनामुळे झाली नाही. नॉर्थ डकोटा राज्याची स्वतःची वेगळी मोजणी मात्र झाली. तिच्यात वसंतातल्या पाण्याचा निर्देशांक आदल्या वर्षापेक्षा 80 टक्क्यांनी खाली आला. पुढच्या एप्रिलमध्ये मोठी हिमवादळं आली आणि 2022 मध्ये तोच निर्देशांक सातपटीहून वर गेला. बदकं किती वाढली? साधारण 16 टक्के. पाणी एका हिवाळ्यात परत येतं, पण आदल्या वर्षी न जन्मलेली पिल्लं परत येत नाहीत.

संपूर्ण सर्वेक्षण क्षेत्राचे आकडेही असेच झोके घेतात. यात प्रेअरीबरोबर अलास्का आणि उत्तर कॅनडाही येतो. 1980 च्या दशकातल्या दुष्काळात एकूण बदकं अडीच कोटींच्या आसपास घसरली होती. 2011 च्या मे महिन्यात प्रेअरीवर 81 लाख डबकी मोजली गेली आणि 2015 मध्ये बदकांचा आकडा 4 कोटी 95 लाखांवर, म्हणजे आजवरच्या विक्रमावर पोचला. 2023 मध्ये तो 3 कोटी 23 लाख होता. 2025 मध्ये डबकी आदल्या वर्षापेक्षा 19 टक्क्यांनी कमी भरली, बदकं मात्र 3 कोटी 40 लाखांवर जवळपास स्थिर राहिली.

हे झोके नैसर्गिक आहेत. शेकडो वर्षं ते चालत आले आणि बदकं त्यांना सरावलेली आहेत. प्रश्न झोका खाली गेल्याचा नाही, तो परत वर येतो का याचा आहे.

घरटं पाण्यात नसतं

मॅलार्ड, तलवार बदक, गडवाल, थापट्या, निळ्या पंखांचं टील या सगळ्यांची घरटी जमिनीवर, गवतात असतात. कधी पाण्यापासून काही पावलांवर, कधी किलोमीटरभर लांब. मादी 22 ते 28 दिवस अंड्यांवर बसते आणि तेवढे दिवस तिचा बचाव फक्त तिच्या मातकट रंगावर आणि आजूबाजूच्या गवतावर असतो. तांबडा कोल्हा, स्कंक, रॅकून, बॅजर हे सगळे अंडी शोधत फिरतात.

मॅलार्डची संख्या टिकायची तर शंभरातली निदान 15 घरटी यशस्वी व्हावी लागतात असा 1980 च्या दशकापासूनचा ठोकताळा आहे. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण नांगरलेल्या शेतांच्या मधोमध उरलेल्या गवताच्या चिंचोळ्या पट्टीत तोही गाठला जात नाही. कोल्ह्याला अशा पट्टीत शोधायला वेळच लागत नाही. सलग मोठं माळरान असेल तर घरटी विखुरतात आणि बरीचशी सुटतात.

कायोटीचा किस्सा यात मजेशीर आहे. तोही शिकारी, पण तो तांबड्या कोल्ह्याला आपल्या हद्दीत राहू देत नाही, आणि स्वतः मोठ्या हद्दीत विरळ राहतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डकोटांत झालेल्या एका अभ्यासात कोल्ह्यांचं राज्य असलेल्या भागात 17 टक्के घरटी यशस्वी झाली, तर कायोटी असलेल्या भागात 32 टक्के. पिढ्यानपिढ्या कायोटी मारण्यावर पैसा खर्च झाला, त्यात बदकांचा तोटाच होत होता.

गवताचा परिणाम मोजण्याची एक मोठी संधी 1985 नंतर आली. अमेरिकेने त्या वर्षीच्या कृषी कायद्यात एक योजना आणली: धूप होणाऱ्या जमिनीवर पीक घेऊ नका, दहा-पंधरा वर्षं गवत लावा, सरकार दर वर्षी भाडं देईल. योजना मुळात माती वाचवायला आणि धान्याचा साठा आटोक्यात ठेवायला होती. 1990 च्या दशकात पाणी परतलं तेव्हा डकोटांत लाखो एकर गवत उभं होतं. 1992 ते 1997 या सहा वर्षांत या गवतामुळे सुमारे 1 कोटी 24 लाख जास्तीची बदकं वाढून उडाली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पाऊस चांगला होताच, पण त्या पावसाचं सोनं झालं ते गवतामुळे.

पुढे मक्याचे भाव चढले. इथेनॉलची मागणी वाढली, करार संपले आणि 2007 नंतर या योजनेखालची जमीन झपाट्याने कमी झाली. 2006 ते 2011 दरम्यान डकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा, आयोवा या पाच राज्यांत मिळून सुमारे 13 लाख एकर गवताळ जमीन मका-सोयाबीनखाली गेल्याचं उपग्रहचित्रांवरून दिसलं.

तलवार बदकाचं काय बिनसलं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. लांब मान, तपकिरी डोकं आणि मागे तलवारीसारखी निमुळती शेपटी असलेलं हे बदक हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडीसारख्या जलाशयांवरही दिसतं. महाराष्ट्रात येणारे थवे मध्य आशिया आणि सायबेरियाकडचे असतात, अमेरिकेतले नव्हेत. जात मात्र तीच.

1950 च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या सर्वेक्षणात या बदकाचा आकडा एका वर्षी 1 कोटीच्या आसपास गेला होता. 1980 च्या दशकातल्या दुष्काळात तो कोसळला. 1990 च्या दशकात पाणी आलं, मॅलार्ड सावरलं, गडवाल आणि थापट्या तर आधीपेक्षा वाढले. तलवार बदक खालीच राहिलं. 2022 मध्ये ते 18 लाखांच्याही खाली, आजवरच्या नीचांकावर गेलं. 2025 मध्ये थोडं सावरून 22 लाखांवर आलं.

उत्तर पाण्यात सापडत नाही, शेतात सापडतं. तलवार बदक सगळ्यांत आधी येतं, आणि घरट्यासाठी त्याला आखूड, विरळ गवत आवडतं. मूळ प्रेअरीत ते भरपूर होतं. प्रेअरी नांगरली गेल्यावर दिसायला तसंच काही उरलं ते गव्हाच्या कापणीनंतरचं धसकटांचं शेत. मादी एप्रिलमध्ये तिथे खुशाल घरटं करते, आणि मे महिन्यात शेतकरी पेरणीयंत्र घेऊन येतो.

पूर्वी कॅनडाच्या प्रेअरीत जमीन एक वर्षाआड पडीक ठेवण्याची पद्धत होती. ओल धरून ठेवायला ते सोयीचं होतं. पडीक वर्षी वसंतात शेताला लगेच हात लागत नसे आणि काही घरटी निभावून जात. 1970 च्या दशकापासून खतं, तणनाशकं आणि नवी यंत्रं आली तशी पडीक जमीन कमी होत गेली आणि दर वर्षी पेरणी होऊ लागली. दिसायला तेच धसकटाचं शेत, पण आता ते सापळा झालं. त्यात भर म्हणजे घरटं गेल्यावर पुन्हा प्रयत्न करण्यात तलवार बदक मॅलार्डइतकं चिवट नाही.

गडवालचं उदाहरण शेजारी ठेवलं की फरक स्पष्ट होतो. हे बदक उशिरा घरटं करतं आणि दाट गवत शोधतं, त्यामुळे पेरणीच्या तडाख्यातून बहुतांशी वाचतं. 1950 च्या दशकात सर्वेक्षणात 10 लाखही न भरणारं गडवाल आता 20 लाखांच्या वर आहे. पाऊस दोघांवर सारखाच पडला होता.

उपाय माहीत आहे: हिवाळी गहू. तो शरद ऋतूत पेरला जातो, त्यामुळे वसंतात शेतात यंत्र फिरत नाही आणि उगवलेलं कोवळं पीकच घरट्याला आडोसा देतं. पण कॅनडाच्या कडाक्यात हिवाळी गहू काही वर्षं मरतो, आणि कॅनोलाचा भाव चांगला असताना बदकासाठी पीक बदला असं शेतकऱ्याला सांगणं सोपं नाही.

पाइप, मोठे ट्रॅक्टर आणि एक न्यायालयीन निकाल

खळगे बुजवण्यामागे दुष्टपणा नाही. 18-20 मीटर रुंदीचं पेरणीयंत्र ओढणाऱ्या माणसाला शेताच्या मधलं प्रत्येक डबकं वळसा घालायला लावतं. डिझेल जातं, कडेला बी-खत दुबार पडतं. चर खणला किंवा जमिनीखाली सच्छिद्र प्लास्टिकचे पाइप टाकले की पाणी निघून जातं आणि शेत सलग होतं. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीत निचऱ्यासाठी जे पाइप टाकतात, साधारण तेच तंत्र.

परिणाम मात्र मोठा आहे. 1780 ते 1980 या दोनशे वर्षांत आयोवाने आपल्या 89 टक्के पाणथळ जागा गमावल्या, नॉर्थ डकोटाने 49, मिनेसोटाने 42 आणि साउथ डकोटाने 35 टक्के. सर्वात आधी जातात ते लहान, उथळ खळगे, कारण ते काढायला सोपे आणि दोन आठवड्यांत आटणाऱ्या डबक्याला कोणी पाणथळ मानत नाही. मादीला अंड्यांसाठी लागणारं अन्न नेमकं तिथेच असतं. शिवाय काढलेलं पाणी कुठेतरी जातंच. बऱ्याचदा ते खालच्या मोठ्या खळग्यात उतरतं, तो खोल होतो आणि त्यात मासे येतात.

कायद्याचं संरक्षण पातळ होत गेलं आहे. हे खळगे नदीला जोडलेले नसणं ही त्यांची खासियत, आणि अमेरिकी कायद्यात तीच त्यांची कमजोरी ठरली. 2001 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्थलांतरित पक्षी वापरतात एवढ्या कारणाने एकट्या पडलेल्या पाण्याला जलकायदा लागू होत नाही. मे 2023 मधल्या सॅकेट खटल्याच्या निकालाने तर पाणथळ जागेचा मोठ्या जलप्रवाहाशी पृष्ठभागावरून सलग संबंध असणं आवश्यक केलं. बहुतेक खळगे या व्याख्येत बसत नाहीत. उरला तो 1985 च्या कृषी कायद्यातला नियम: पाणथळ काढून पीक घ्याल तर सरकारी कृषी अनुदानावर पाणी सोडा. तो बंदी घालत नाही, किंमत लावतो.

ऊन वाढलं तर

हवामान बदलाचा इथला धोका तापमानातून येतो. पाऊस तेवढाच राहिला आणि तापमान वाढलं तरी बाष्पीभवन वाढतं, म्हणजे खळगे लवकर आटतात. हिवाळा आखडला आणि जमीन नीट गोठली नाही तर बर्फाचं पाणी खळग्यात पोचण्याआधी मुरतं.

साउथ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीतले कार्टर जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये संगणकी प्रतिकृतीवर हे तपासलं. हवामान कोरडं झालं तर बदकांसाठी सर्वोत्तम पट्टा आजच्या मध्यभागातून, म्हणजे डकोटा आणि आग्नेय सस्कॅचेवानमधून, पूर्व आणि उत्तरेच्या जास्त ओल्या कडांकडे सरकेल असं त्यांना दिसलं. पूर्व कड म्हणजे मिनेसोटा आणि आयोवा, जिथले बहुतेक खळगे आधीच पाइप टाकून रिकामे केले आहेत. पाऊस जिथे टिकेल तिथे तो साठवायला खड्डाच शिल्लक नाही, आणि जिथे खड्डे आहेत तिथे पाणी टिकणार नाही.

सगळे अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवत नाहीत. काही भागांत हिवाळा-वसंतातला पाऊस वाढण्याची शक्यताही मांडली जाते आणि 1993 नंतरचं ओलं डकोटा त्याची आठवण करून देतं. पण उन्हाळा किती कोरडा होईल यावर वाद असला तरी, आयोवातला बुजवलेला खळगा कोणत्याही हवामानात बदकाच्या कामाचा नाही, यावर वाद नाही.

पैसा कुठून येतो

1930 च्या दशकातल्या भीषण दुष्काळात बदकं आताच्यासारखीच, किंबहुना जास्त, संकटात होती. तेव्हा या कामाला लागलेला माणूस व्यंगचित्रकार होता. आयोवातल्या वर्तमानपत्रात काम करणारे, पुलित्झर मिळवलेले जे. एन. 'डिंग' डार्लिंग यांना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वन्यजीव खात्याचं प्रमुख केलं. 1934 मध्ये कायदा झाला की बदकांची शिकार करणाऱ्या प्रत्येक प्रौढाने दर वर्षी एक तिकीट विकत घ्यायचं आणि तो पैसा पाणथळ जागांसाठी वापरायचा. पहिल्या तिकिटावरचं मॅलार्डचं चित्र डार्लिंग यांनीच काढलं.

1972 च्या कायद्याने शिकार बंद झालेल्या भारतात हे विचित्र वाटू शकतं, पण तिथे बदकांच्या अधिवासासाठी बराच पैसा आजही शिकाऱ्यांच्या खिशातून येतो. 1937 मध्ये स्थापन झालेली डक्स अनलिमिटेड ही मोठी संस्थाही शिकाऱ्यांचीच. तिकिटाच्या पैशातून आजवर सुमारे 60 लाख एकर जमीन राखली गेली आहे. 1958 पासून त्यातून प्रेअरीतले लहान खळगेही विकत घेतले जातात, किंवा मालकाशी कायमचा करार होतो: जमीन तुमचीच, गुरं चारा, गवत कापा, पण खळगा काढायचा नाही आणि माळ नांगरायचा नाही. मोबदला एकदाच मिळतो, अट जमिनीबरोबर पुढच्या मालकालाही लागू राहते. 1986 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने मिळून मोठी योजना आखली, 1994 मध्ये मेक्सिको तिच्यात आला, कारण बदकांचा हिवाळा तिकडे जातो.

तिकीट 1934 मध्ये 1 डॉलरचं होतं. 1991 मध्ये ते 15 डॉलर झालं आणि 2014 पर्यंत तेवढंच राहिलं. याच काळात मक्याच्या भावाबरोबर प्रेअरीतल्या जमिनीचे दर कितीतरी वर गेले, म्हणजे तेवढ्याच तिकिटात दर वर्षी कमी खळगे येत गेले. 2015 पासून ते 25 डॉलरला मिळतं.